दुपारचा गिलावा

हाशममामाची थापी अजून बादलीत भिजत होती, आणि तुम्ही त्याला विमानात बसवलंत. तुम्ही म्हणजे कोण, हे मला आजही सांगता येत नाही. चौकीवरच्या शिपायाला विचारलं तर तो हुकमाकडे बोट दाखवेल, हुकूम देणारा कायद्याकडे, आणि कायदा देशाच्या भल्याकडे. बोटांच्या मागे जात राहिलं की शेवटी तिथे कुणीच उभं नसतं. पण कुणीतरी ते केलं. निदान भिंत पुरी होईपर्यंत तरी थांबायला हवं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते का आहे ते सांगते.

सुरुवात अगदी साधी होती. एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी आणि अब्बा टाइल्स बघायला निघालो. त्याच वर्षी सौदीतली आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली होती आणि अब्बांचा रोज गोंधळ उडायचा. अल-खोबरमध्ये आम्ही ज्या घरात भाड्याने राहत होतो त्याला एक तळघर होतं. मालक रियाधला असायचा. गेटजवळच्या खोलीत उसामा नावाचा सुदानी राखणदार राहायचा, तो आमच्या आणि शेजारच्या दोन घरांकडे बघायचा. तळघरात मोडके सोफे, जुन्या एसींचे सांगाडे आणि ओलीचा वास. समुद्र जवळ, त्यामुळे भिंतींचा गिलावा फुगून गळून पडलेला. मालक अब्बांना म्हणाला होता, तुम्ही ते नीट करून घ्या, मी भाडं वाढवणार नाही. अब्बांनी त्याला शब्द दिला की घर सोडू तेव्हा तळघर पूर्ण करूनच किल्ली देईन.

ती माझी पहिली साइट होती. पुण्याहून मी सिव्हिलची डिग्री घेऊन आले होते, आणि माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, अरबीत छापलेलं होतं, काम करण्याची परवानगी नाही. अब्बांनी ते मला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आलं. मग बरेच दिवस आलं नाही. बाई म्हणून मला गाडी चालवायची परवानगी नव्हती, साइटवर जाता येत नव्हतं, ऑफिसात बसता येत नव्हतं. पण स्वतःच्या घराच्या पायऱ्या उतरून खाली जायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या डोक्यात एक वर्ग होता. आपल्या कोकणातल्या किती मुली तिथे बारावी करून घरात बसलेल्या असतात, लग्न ठरेपर्यंत. त्यांना मी खाली ड्रॉइंग शिकवणार होते, गणित शिकवणार होते. मी घाईत होते. मी नेहमीच घाईत असते.

वायरिंगला एक मलयाळी इलेक्ट्रिशियन मिळाला. फरशीला नेपाळी जोडी. आणि गिलाव्याला हाशममामा.

तो अम्मीच्या माहेरचा, म्हसळ्याच्या बाजूचा, म्हणून मामा. डावखुरा. दाढ दुखायची म्हणून तोंडात कायम लवंग. आखातात त्याचं अर्धं आयुष्य भिंती सारवण्यात गेलं होतं आणि त्याला वाटायचं की दम्माम ते खोबर एकही सरळ भिंत त्याच्या हाताशिवाय झालेली नाही. हे खरं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी ओळंबा लावला तर जिन्याजवळचा त्याचा कोपरा बोटभर बाहेर होता.

“भिंत सरळच हाय, बाय. तुझा दोरा वाकडा हाय,” तो म्हणाला.

मी त्याला तो कोपरा फोडायला लावला. तो वर जाऊन अम्मीजवळ चहा पीत बसला आणि तिला म्हणाला, तुझ्या पोरीचं लग्न भाड्याच्या घरात कर, स्वतःचं असेल तर ती पाडायला लावेल. मग खाली येऊन त्याने कोपरा परत केला, आणि तो इतका सुंदर केला की मला रागच आला. ओला गिलावा रंध्याने, त्या मुठीच्या लाकडी फळीने, घोटताना त्याचा हात उजवीकडून डावीकडे फिरायचा. दिवा आडवा धरला की भिंतीवर त्याच्या हाताच्या कमानी दिसायच्या, सगळ्या उलट्या बाजूला झुकलेल्या.

आमच्या गप्पा व्हायच्या. तेव्हा तिथे सगळीकडे एकच विषय होता. कंपन्यांना रंग दिले होते, हिरवी, पिवळी, लाल, किती सौदी माणसं कामावर आहेत त्यावर. मला त्यात चूक वाटत नव्हती. ज्याचा देश त्याच्या पोरांना काम मिळायला हवं. हाशममामाही हो म्हणायचा. येऊ देत की पोरं, मी शिकवीन गिलावा, म्हणायचा. पण ज्याने इथली भिंत न् भिंत उभी केली त्याला उठवताना आधी हात तरी धुऊ द्यावेत, असं मी म्हटलं की तो हसायचा. त्याचा व्हिसा आझाद होता. म्हणजे कागदावर कफील, ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, लांबच्या हुफूफ शहरातला, आणि प्रत्यक्षात तो खोबरमध्ये मिळेल तिथे काम करायचा. हजारो लोक तसेच होते. नवा नियम आला की ज्याचा कफील त्याच्याकडेच काम. कागद सरळ करायला मुदत दिली होती, ती संपत आली होती.

जेवण झालं की तो तळघरातच सिमेंटच्या गोण्यांवर झोपायचा. दुपारी तिथलं सगळं गाव झोपतं. दुकानांची शटर खाली, रस्ते पांढरे, फक्त एसींचा आवाज. खाली गारवा असायचा. त्याची झोप जड, हाक मारूनही उठायचा नाही, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, अजान झाली की मात्र आपोआप डोळे उघडायचे.

शेवटची भिंत अर्धी झाली होती तेव्हा तो कफीलला भेटायला हुफूफला निघाला. थापी आणि रंधा बादलीत टाकला. “असरपर्यंत येतंव. तवर भिंत ओली ठेव,” मला म्हणाला.

मी भिंत ओली ठेवली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढेही. त्याचा फोन बंद. मग कळलं की वाटेतल्या चौकीवर त्याला धरलं. मग कळलं की तो आत आहे. मग, बऱ्याच दिवसांनी, कुणीतरी अब्बांना मशिदीत सांगितलं की त्याला मुंबईच्या विमानात बसवलं. मी त्या दिवशी अब्बांशीच भांडले, कारण भांडायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

मी सामान तसंच ठेवलं. दुसरा गिलावेवाला शोधायला मन होईना.

एका दुपारी वीज गेली. तिथे वीज फारशी जात नाही, त्यामुळे एसी बंद पडला की घर एकदम परकं वाटतं. इतका वेळ त्या घरघरीखाली दबलेले आवाज वर येतात. अब्बा कामावर होते, अम्मी पडदे ओढून झोपली होती. मी पुस्तक घेऊन पडले होते. आणि मला खालून आवाज आला.

खर्र... खर्र... मग थोडं थांबून, जरा वरच्या अंगाला... खर्र.

रंध्याचा आवाज मला कळतो. कित्येक आठवडे मी तो ऐकला होता. घाई नसलेला, गोल फिरणारा. मी उठून बसले. मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मला आनंद झाला. मला वाटलं तो सुटून आला. विमानाची बातमी खोटी, तो कुठेतरी लपला होता आणि भरदुपारी, सगळे झोपलेले बघून, गुपचूप आत शिरला.

मोबाइलचा उजेड घेऊन मी पायऱ्या उतरले. दारापाशी पोचले तेव्हा आवाज थांबला.

आत कुणी नव्हतं. ओल्या सिमेंटचा वास होता, आणि त्याच्या मागे बारीक, तिखट, लवंगेचा. मी उजेड भिंतीवर धरला. जिथे गिलावा संपला होता तिथून तो वीतभर पुढे गेला होता. ओला होता. बोट लावलं तर रुतलं. मी उजेड आडवा केला. कमानी उलट्या बाजूला झुकलेल्या होत्या.

“मामा,” मी हळू म्हटलं, “वर या. घरात कुणी बाहेरचं नाही.”

गोण्यांच्या मागून, सोफ्यांच्या ढिगामागून, कुठूनच काही हललं नाही. मी वर जाऊन ताटात भात, कालवण वाढलं आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवून आले. संध्याकाळी ते तसंच होतं. उसामाला विचारलं. तो म्हणाला गेटमधून कुणी आलं नाही, तो दुपारभर सावलीत तिथेच बसला होता.

दुसऱ्या दुपारी वीज होती, तरी मी खोलीतला एसी बंद करून ऐकत राहिले. आवाज आला. मी अवजारं धुऊन अब्बांच्या गाडीच्या डिकीत ठेवली. तिसऱ्या दुपारीही आवाज आला. भिंत रोज थोडी सरकत होती, गोणीतलं सिमेंट उतरत होतं, वाळूच्या ढिगाला खळगा पडत होता. इलेक्ट्रिशियन आला, आणि त्याने बसवलेल्या बोर्डाभोवतीचा गिलावा बघून खूश झाला. नवा मिस्त्री चांगला आहे, म्हणाला.

मी अम्मीला सांगितलं. तिने वाद घातला नाही, हसलीही नाही. तिने सरळ गावाला फोन लावला, सफूरामामीला, हाशममामाच्या बायकोला.

तो तिथे होता. घरी पोचून बरेच दिवस झाले होते. मी फोन कानाशी धरून उभी होते आणि सफूरामामी जे सांगत होती ते ऐकताना मला आमच्या स्वयंपाकघरातली फरशी थंड लागायला लागली. हाशममामा दिवसभर ओसरीवर बसून असायचा. गावात काम नव्हतं, त्याने शोधलंही नव्हतं. आणि रोज दुपार कलली की त्याला झोप यायची. गावाकडचं घड्याळ आमच्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे आमच्याकडे सगळे जेवून आडवे व्हायचे त्याच वेळेला. झोप अशी की हलवून उठायचा नाही. झोपेत त्याचा डावा हात छातीवर गोल गोल फिरायचा. उठला की दमलेला, बोलायला ताकद नाही. रोज झोप लांबत होती, श्वास मंद होत होता. म्हसळ्याच्या डॉक्टरला काही सापडलं नव्हतं.

“त्याच्या नखांत सिमेट हाय, अफशाँ,” ती म्हणाली. “मी रोज काढतंय. रोज परत असता.”

मग तिने फोन त्याला दिला. आवाज लांबून आल्यासारखा. त्याने आधी अम्मीची चौकशी केली, मग विचारलं की पोरींचा वर्ग सुरू झाला का. मी म्हटलं, मामा, तुम्ही दुपारी झोपू नका.

“झोपेतच बरा वाटता गो,” तो म्हणाला. “जागेपणी हातांना काय करू ते कळत नाय.”

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला आणि एकही धड झाला नाही. मी विज्ञान शिकलेली मुलगी. अशा गोष्टींना कारण असतं आणि ते शोधायचं असतं, असं मी वर्गात शिकवणार होते. पण कारण शोधायला थांबावं लागतं, आणि माझ्या स्वभावात ते नाही. दुसऱ्या सकाळी मी ओळंबा घेऊन खाली गेले. नवीन भाग तपासला. मधे एके ठिकाणी पोट आलं होतं, अगदी थोडं. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. म्हणजे माणूस तिथे अर्धमेला होतोय, इथे येऊन काम करतोय, आणि तेही वाकडं. मी छिन्नी-हातोडा घेतला आणि तेवढा भाग फोडून काढला.

संध्याकाळी सफूरामामीचा फोन आला. ती हसत होती. आज तो दुपारी लवकर उठला, म्हणाली. मांदेलीचं कालवण मागून घेतलं, दोनदा भात घेतला आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडून आला.

मला ते लगेच कळलं नाही. दोन दिवसांनी, भिंत पुन्हा सरकली आणि तो पुन्हा संध्याकाळपर्यंत उठला नाही तेव्हा कळलं. भिंत जितकी पुरी होत होती तितका तो तिकडून कमी होत होता. आणि मी जितकं फोडत होते तितका तो परत मिळत होता.

मी सफूरामामीला सांगितलं. ती म्हणाली, “तू फोडत राव, बाय. मी तुझे पाय धरतंय. फोडत राव.”

मग तेच माझं काम झालं. सकाळी अब्बा गेले की मी ओढणी तोंडाला बांधून खाली जायची आणि आदल्या दुपारी झालेला गिलावा फोडायची. तुकडे घमेल्यात भरून कोपऱ्यात टाकायची. दुपारी तो यायचा. आता तो माझ्यापेक्षा जास्त काम करायला लागला होता. मला मनगटं हलवता येत नव्हती, आणि त्याची भिंत मात्र दिवसेंदिवस सरळ होत चालली होती. ओळंबा लावला तर दोऱ्यात आणि भिंतीत कुठे जागा राहत नव्हती. फोडायला निमित्त उरलं नव्हतं. तरी मी फोडायची. कधी कधी हातोडा मारताना मला वाटायचं की माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे आणि काही बोलत नाहीये. कामावरचा माणूस मालकाच्या पोरीसमोर गप्प उभा राहतो, तसं. मी वळून बघायची नाही.

मुलींच्या आया विचारायच्या, वर्ग कधी. मी सांगायची, ओल आहे अजून.

त्याच सुमारास अब्बांची कंपनी लाल झाली. लाल कंपनीतल्या लोकांचे इकामे नवे होत नाहीत. अब्बा घरी आले, बूट काढले, आणि अम्मीला म्हणाले की आपलंही खलास. फायनल एक्झिट. ते इतक्या शांतपणे म्हणाले की अम्मी आधी भांडी घासत राहिली. सामान विकणं, बँकांचे कागद, निरोप, सगळं सुरू झालं. आणि अब्बांना तळघराची आठवण झाली.

मी त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सुट्टी घेऊन घरी राहिले, आणि दुपारी, मला वरच थांब म्हणून, तसबीहची माळ घेऊन एकटे खाली गेले. मी जिन्याच्या तोंडाशी बसले. रंध्याचा आवाज येत राहिला. अब्बांचा आवाज आला नाही. असरच्या अजानीला ते वर आले. त्यांच्या पांढऱ्या कुर्त्याच्या उजव्या खांद्यावर गिलाव्याचे बारीक शिंतोडे होते, ओले.

“दिसला?” मी विचारलं.

“नाही. मी त्याच्या बाजूला बसलो होतो.” ते नळाखाली हात धुऊ लागले. “फार दमलाय, अफशाँ.”

“म्हणूनच मी...”

“तुला वाटतं तू त्याला जगवतेस.”

“सफूरामामी म्हणते फोडत राहा.”

“ती बायको आहे, ती म्हणणारच. पण तू शिकलेली आहेस, मला सांग. एका माणसाने दुपारभर काम करायचं, सकाळी दुसऱ्याने ते पाडायचं, दुपारी त्याने परत करायचं. ना त्याला घरी जाता येत, ना त्याचं काम संपत. याला तुझ्या पुस्तकांत काय म्हणतात?”

मला शब्द माहीत होता. कॉलेजात असताना मी वेठबिगारीवर भाषण केलं होतं, टाळ्या मिळाल्या होत्या. मी तो शब्द अब्बांसमोर उच्चारला नाही.

“आणि भिंत पुरी झाली, आणि तो उठलाच नाही तर?” मी विचारलं.

“किंवा पुरी झाली म्हणून सुटला तर?” अब्बा म्हणाले. “तुला माहीत नाही. मलाही नाही. पण कामगार काम संपवून घरी जातो, एवढं मला माहीत आहे. मी इथे तेच बघत आलोय.”

आम्ही त्यावर अनेक दिवस भांडलो. मी म्हणायची, तुम्हाला मालकाला दिलेला शब्द मोठा वाटतो. ते म्हणायचे, शब्द आहेच, पण मी त्याच्यासाठी बोलतोय. मी म्हणायची, जिवंत माणूस अर्ध्या भिंतीपेक्षा मोठा असतो. ते म्हणायचे, हो, म्हणूनच त्याला भिंतीला बांधून ठेवू नये. आजही मला कळत नाही की आमच्यापैकी कोण त्याच्या बाजूने होतं. जो तो आपल्याला जे सोसवत नव्हतं त्याच्या विरुद्ध बोलत होता, असं आता वाटतं. मला तो मेलेला सोसवत नव्हता. अब्बांना तो राबताना सोसवत नव्हता.

शेवटी अब्बांनी थुक्बाला, कामगारांच्या वस्तीत, जाऊन एक गिलावेवाला ठरवला. बिहारचा, कागद सरळ असलेला. आमचं विमान संध्याकाळचं होतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. उसामा त्याला दार उघडून देणार, तो उरलेलं काम करणार आणि मालकाला किल्ली मिळणार. अब्बांनी माझ्यापासून हे लपवलं नाही. “आपण गेल्यावर होईल,” एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं असावं की मी तिथे नसले की मला सोपं जाईल.

निघायच्या दिवशी सकाळी मी शेवटचं खाली गेले. घर रिकामं झालं होतं, हातोड्याचा प्रत्येक घाव वरपर्यंत घुमत होता. मी हात चालतील तितकं फोडलं. अम्मी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, पुरे गं, तुझे हात बघ. तळव्यांना फोड आले होते. जिथून सुरुवात केली होती तिथपर्यंत मी पोचले नाही. भिंत जवळजवळ पुरी होती, वरच्या कोपऱ्यात परातीएवढी जागा तेवढी उघडी राहिली. मी हातोडा जिन्यावरच ठेवला.

जेवण झालं. बॅगा गाडीत गेल्या. बाहेर पांढरं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अब्बा पुढच्या सीटवर, चालवायला त्यांचा मित्र. अम्मी मागे बसली. मी पाणी भरून घेते म्हणून घरात परत आले, आणि फोन वाजला.

सफूरामामी होती.

“आज तो दुपारची वाट बघितलाच नाय,” ती म्हणाली. “पहाटे फजरची नमाज पढला आणि झोपला. अजून उठला नाय. हात फिरतोय... मगापास्नं लय जोरात फिरतोय. तू काय केलंस? फोडलंस ना?”

“फोडलं, मामी.”

“मग जा, परत जा. अजून फोड. तुझ्या हातात हाय, बाय...”

बाहेर हॉर्न वाजला. लांब वाजवलेला नव्हता, अब्बा तसं वाजवू देत नाहीत. आठवण केल्यासारखा, एकदाच. मी रिकाम्या स्वयंपाकघरात उभी होते. एसी सगळे बंद होते. खालून आवाज येत होता, आणि तो नेहमीसारखा नव्हता. त्यात मधे थांबणं नव्हतं. सुट्टी जवळ आली की कामावरची माणसं जशी हात उचलतात, तसा तो चालला होता.

खाली पळत जाऊन हातोडा उचलायला मला वेळ लागला नसता. परातीएवढी जागा, तिच्या भोवतीचं थोडं फोडलं असतं तर आजचा दिवस गेला असता. उद्या तो बिहारी आला असता. पण आजचा दिवस गेला असता. मी फोन चालूच ठेवून जिन्याकडे गेले. सफूरामामी काहीतरी म्हणत होती, दुवा असावी. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि मला अब्बांच्या कुर्त्यावरचे ते ओले शिंतोडे आठवले. माझा पाय उचलेना. भीती नव्हती ती. मला पहिल्यांदाच असं वाटलं की खाली जाऊन मी विचारायला हवं, तुम्हाला काय हवंय. इतके दिवस मी आणि अब्बा त्याच्याबद्दल बोलत होतो. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

खालचा आवाज थांबला.

मग पायऱ्यांवर पावलं वाजली. कुणीतरी वर येत होतं, सावकाश, एका हाताने भिंतीचा आधार घेत. मी मागे सरकले. अंधारातून आधी एक ट्रे दिसला, त्यावर चहाचा ग्लास, काठोकाठ भरलेला, अजून वाफ येणारा. मग उसामाचा चेहरा. मला दारात बघून तो संकोचला, आणि मग आनंदाची बातमी द्यावी तसा हसला.

“अपना पुराना मिस्त्री वापस आ गया, बेटी,” तो त्याच्या हिंदीत म्हणाला. “चाय दिया, नहीं लिया. बोलता है, बस, अभी घर जाके पियेगा.”